दुःखाच्या घरी मंडळीचे काम

(मंडळीच्या वर्गासाठी धडा)

शास्त्रपाठ : योहान ११:१७-४४.
सोबत वाचावे : ईयोब २:११-१३ व ४२:७-११, लूक ७:११-१५, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२, १ थेस्सलनीकाकरांस ४:१३-१८.



गावात मौत झाली म्हणजे आपल्या मंडळीत काय होते हे सर्वांस ठाऊक आहे. निरोप पोहोचताच माणसे हातचे काम टाकून धावतात. कोणी कबर खणावयास जातात, कोणी पेटीसाठी तालुक्याला जातात, बाया घरच्या माउलीला धरून बसतात, शेजारून कडू घास येतो. माती होते, पुढे एक दिवस नेमून प्रार्थना होते, भजने होतात, उपदेशक बंधू पुनरुत्थानावर बोलतात. मग पाहुणे आपापल्या गावी परततात, अंगणातील सतरंज्या गुंडाळल्या जातात, आणि घर एकाएकी मोठे व रिकामे वाटू लागते. ह्या धड्यात आम्हांस मुख्यत्वे हेच सांगावयाचे आहे की, सांत्वनाचे अवघड काम त्या दिवसापासून पुढे सुरू होते; त्या कामात बोलणे थोडे व जाणे-येणे फार असते; आणि ते एकट्या पाळकाचे काम नाही, सर्व मंडळीचे आहे.

१. बेथानीतील दोघी बहिणी

बेथानी हे खेडे यरुशलेमेपासून सुमारे कोसभर होते. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते, आणि पुष्कळ लोक मार्था व मरीया ह्यांच्या समाचारास आले होते. प्रभू येत आहे हे कळताच मार्था उठून वाटेवर सामोरी गेली. मरीया घरातच बसून राहिली. दोघी एकाच घरातल्या, दोघींचे दुःख एकाच भावासाठी, तरी एकीला चालावयाचे होते व दुसरीला बसावयाचे होते. म्हणून "ही रडत कशी नाही?" अथवा "ती अजून का रडते?" असा न्याय करीत बसणे आपणांस शोभत नाही.

आता ओवी २१ व ओवी ३२ एकमेकींशी ताडून पाहा. दोघींनी प्रभूपुढे एकच बोल काढिला. तू वेळेवर आला असतास तर भाऊ वाचला असता, असा त्याचा भाव आहे. त्यात विश्वास आहे व तक्रारही आहे. प्रभूने त्या तक्रारीबद्दल एकीलाही दटाविले नाही. परंतु त्याने दोघींस उत्तरे मात्र निरनिराळी दिली. मार्थेशी तो बोलला, आणि पुनरुत्थानाविषयीचे ते थोर वचन प्रथम तिच्या कानी पडले. मरीयेला त्याने उपदेश केला नाही. तिचे रडणे पाहून तो आत्म्यात व्याकूळ झाला, त्याला कोठे ठेविले एवढेच त्याने विचारिले, आणि त्याच्याही डोळ्यांतून अश्रू वाहिले. बोल एक, पण माणसे दोन. म्हणून सांत्वनेही दोन. जो उपदेशक प्रत्येक घरी एकच ठरलेला उपदेश घेऊन जातो, त्याने हा अध्याय सावकाश पुन्हा वाचावा. दारात शिरताना त्याने मनात विचारावे, "ह्या घरात मार्था कोण व मरीया कोण?"

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घटकाभरात लाजर जिवंत बाहेर येणार हे प्रभूला ठाऊक होते, तरी तो रडला. ज्याला सर्व ठाऊक होते त्याचे डोळे कोरडे राहिले नाहीत. तेव्हा आशा व अश्रू एकाच अंतःकरणात राहू शकतात. एकाने दुसऱ्यास घराबाहेर काढण्याचे कारण नाही.

२. रडणे हा अविश्वास नव्हे

आपल्या कित्येक मंडळ्यांत अशी समजूत रूढ आहे की, खऱ्या ख्रिस्ती मनुष्याने मौतीच्या वेळी रडू नये. ऊर बडवून आक्रोश करण्याची जुनी रीत सोडिली ती चांगल्या हेतूने सोडिली. परंतु काही जण दुसऱ्या टोकास गेले, आणि "अमक्याचा मुलगा गेला, पण त्याने टिपूस काढिले नाही," अशी वाखाणणी करू लागले. शास्त्र अशी वाखाणणी करीत नाही. मोशेसाठी इस्राएल लोक मवाबाच्या मैदानात ३० दिवस रडले. याकोबासाठी मिसरात ७० दिवस शोक झाला. स्तेफनाला पुरिले तेव्हा भक्तिमान लोकांनी त्याच्यासाठी मोठा विलाप केला. आणि हा विलाप प्रभूच्या पुनरुत्थानानंतरचा आहे, हे विसरू नये. प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीस शोक करण्याची मनाई करीत नाही. ज्यांस आशाच नाही त्यांच्यासारखा शोक करू नये, इतकेच सांगतो. तोच पौल फिलिप्पैकरांस लिहिताना कबूल करितो की, एपफ्रदीत मेला असता तर आपणांस दुःखावर दुःख झाले असते.

कोणी म्हणेल, "नाईन गावच्या विधवेला तर प्रभूने रडणे थांबवावयास सांगितले." होय, सांगितले, परंतु लागलीच त्याने तिरडीला हात लाविला आणि मुलगा उठवून आईच्या स्वाधीन केला. तसे बोलण्याचा अधिकार त्याला होता. आपल्या हातून मुलगा परत देणे होत नाही. तेव्हा रडणे थांबव असे सांगण्याचा अधिकार आपणांस नाही. आपण त्या बाईशेजारी बसावे, हेच आपणांस शक्य आहे.

शोक केवळ मनाला होत नाही, तो शरीरालाही होतो. झोप उडते, घास गिळवत नाही, छातीवर दगड ठेविल्यासारखे वाटते, चूल पेटवून माणूस कशासाठी पेटविली हे विसरतो, आणि एखाद्यास देवाचाही राग येतो. पहिल्या आठवड्यांत व महिन्यांत गेलेल्या माणसाचे पाऊल वाजल्यासारखे, किंवा त्याने हाक मारिल्यासारखे पुष्कळांस वाटते. ही भूतबाधा नव्हे, अथवा बाहेरचे काही झाले असेही नव्हे. अशा मनुष्यास देवऋष्याकडे नेऊ नये, तसेच "आत्मा काढितो" म्हणून आरडाओरड करणाऱ्या प्रार्थनावाल्याकडेही नेऊ नये. ज्याच्याबरोबर वीस-तीस वर्षे संसार केला, त्याचे पाऊल ऐकण्याची कानांची सवय एका रात्रीत कशी मोडेल?

३. जी वाक्ये ओठांवरच थांबवावी

ईयोबाचे तीन मित्र दूरदूरच्या गावांहून आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर बसून राहिले. एक शब्दही बोलले नाहीत. त्यांच्या भेटीतील उत्तम भाग तोच होय. त्यांनी तोंड उघडिले तेव्हापासून त्यांचे चुकत गेले, आणि शेवटी देवाने त्यांस सांगितले की तुमचे बोलणे योग्य नव्हते. त्यांचे हेतू वाईट होते असे नाही. दुःखाचे कारण समजावून दिले म्हणजे दुःख हलके होईल, असे त्यांस वाटले. ही चूक आजही दर मौतीला होते. म्हणून काही वाक्ये येथे नावानिशी सांगणे आम्हांस जरूर वाटते.

"देवाला तो आवडला म्हणून त्याने नेला." हे वाक्य ऐकून लहान मूल देवाला भिऊ लागते, उद्या आई आवडली तर आईलाही नेईल, असे त्याला वाटते.

"तुमचा विश्वास थोडा कमी पडला." ज्या आईने दवाखान्याच्या ओसरीवर रात्र-रात्र गुडघे टेकिले, तिच्या छातीत हे वाक्य सुरीसारखे जाते. हे वाक्य बोलणाराने एवढा विचार करावा की, ज्यांच्यासाठी विश्वासाने प्रार्थना झाली ते सर्व संत व प्रेषितही शेवटी मेलेच.

"कोणाच्या तरी पापाची ही शिक्षा आहे." शिलोहाचा बुरूज १८ माणसांवर पडला, तेव्हा ती माणसे इतरांहून अधिक पापी होती हा तर्क प्रभूने स्वतः मोडून काढिला (लूक १३:४). प्रभूने मोडिलेला तर्क आपण पुन्हा उभा करू नये.

"अजून वय आहे, दुसरे मूल होईल." मूल म्हणजे फुटलेला घडा नव्हे की नवा आणिला म्हणजे जुन्याची आठवण बुजते.

तर मग बोलावे तरी काय? थोडे बोलावे. "मला ऐकून फार वाईट वाटले, मी आलो आहे, बुधवारी पुन्हा येतो," इतके पुरे आहे, आणि बुधवारी खरोखर यावे. गेलेल्या मनुष्याचे नाव घ्यावे. आपण नाव घेतले तर घरच्यांस दुःख होईल, असे पुष्कळांस वाटते. परंतु ते दुःख तेथे आहेच, आणि सगळ्यांनी नाव घेण्याचे टाकिले म्हणजे त्यांस वाटते की आपले माणूस दुसऱ्यांदा मेले. यापो येथे तबीथा मेली तेव्हा विधवा पेत्राजवळ रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवून दिलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. पेत्राने त्यांचे बोलणे मोडिले नाही. आपणही विचारावे, "तो कसा होता? शेतात काय लावीत असे? भजनात कोणते पद त्याला आवडे?" असे विचारणे हीच पुष्कळदा उत्तम प्रार्थना होते.

मुलांशी खरे बोलावे. "बाबा गावाला गेला", "बाबा झोपला आहे", असे सांगितल्याने मूल रोज वाट पाहते, किंवा रात्री झोपावयास भिते. बाबा मेला आहे, त्याचे शरीर आता श्वास घेत नाही व त्याला दुखत नाही, ह्यात तुझा काही दोष नाही, आणि तुझ्याजवळ आम्ही आहो, हे त्याला साध्या शब्दांत सांगावे. ते पुन्हापुन्हा विचारील, पुन्हापुन्हा सांगावे.

४. हाताचे काम

बेथानीच्या कबरेजवळ प्रभूने लोकांस दोन कामे सांगितली : आधी धोंड काढणे, आणि नंतर लाजराला गुंडाळलेली प्रेतवस्त्रे सोडणे. ज्याने मेलेल्यास उठविले त्याला धोंड सरकविणे कठीण नव्हते; परंतु माणसांच्या हातांस जे करिता येते ते त्याने माणसांच्या हातांसाठी राखून ठेविले. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटीही असेच आहे. त्याचे भाऊबंद व ओळखीचे लोक त्याच्या घरी आले, त्याच्याबरोबर जेवले, आणि प्रत्येकाने त्याला काही नाणे व सोन्याचे एकेक कडे दिले. तेथे त्यांचा एकही उपदेश लिहिलेला नाही. जेवण व मदत मात्र लिहिलेली आहे.

आपल्या गावात हाताची कामे कोणती? पाणी भरणे, गुरांची धार काढणे, पेरणी अडली असेल तर पाळीपाळीने एक दिवस औत देणे, मुलांस शाळेत पोहोचविणे. "काही लागले तर सांगा," असे म्हणून निघून जाऊ नये. दुःखित मनुष्य सांगत नाही. काय लागते ते पाहून करावे.

ह्याखेरीज कागदाची कामे आहेत. त्यांत शिकलेल्या तरुणांनी पुढे व्हावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी. त्या मुदतीत तिला फी पडत नाही. दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवाव्या. जमीन असल्यास वारसांच्या नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यावा, आणि त्यात विधवेचे व मुलींचे नाव गळू देऊ नये. घर दारिद्र्यरेषेखालील असून १८ ते ५९ वर्षांच्या वयाचा कर्ता पुरुष अथवा कर्ती स्त्री गेली असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये एकरकमी मिळू शकतात. गरीब विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा साहाय्य मिळू शकते. ह्या दोहोंची चौकशी तहसील कार्यालयात करावी. शोकात बुडालेल्या बाईला हे सर्व एकटीने करणे जड जाते. बरोबर एक समजूतदार माणूस गेला तरी तिची निम्मी चिंता उतरते.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. दुखवट्याच्या दिवसांत विधवेची सही अथवा अंगठा कोणत्याही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर होऊ देऊ नये. मग तो कागद सख्ख्या दिराने आणिलेला का असेना. तसेच मोठ्या जेवणावळीसाठी कर्ज काढू देऊ नये. लोक काय म्हणतील ह्या भीतीने काढिलेले कर्ज फेडिता-फेडिता मुलांची शाळा सुटते. मंडळीच्या वडिलांनी स्वतः पुढे होऊन म्हणावे, "येथे साधा चहा पुरे," म्हणजे गरिबाची लाज राहते.

५. विधवा बहिणीचा मान

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात विधवांचे दुःख फार पूर्वीच मांडिले गेले. बाबा पदमनजी ह्यांचे "यमुनापर्यटन" हे पुस्तक सन १८५७ त प्रसिद्ध झाले. त्याचा विषय हिंदुस्थानातील विधवांची स्थिती हाच होता. इतक्या वर्षांनंतर आपल्या मंडळ्यांत काय दिसते? बांगड्या फोडणे व कुंकू पुसणे आपण सोडिले असे आपण म्हणतो. परंतु विधवा बहिणीला हळदीच्या कार्यात मागे उभी करणे, नवऱ्या मुलीस आशीर्वाद देण्यास तिला न बोलाविणे, सकाळी ती समोर आली तर मनात कचरणे, ह्या गोष्टी कित्येक घरांत गुपचूप चालू आहेत. सन २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने विधवांच्या अवमानाच्या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींस त्या ठरावाचे अनुकरण करण्यास सांगितले. एक खेडे ग्रामसभा भरवून हे करू शकते, तर प्रभुभोजनाच्या मेजावर एकत्र बसणाऱ्या मंडळीने मागे राहावे काय?

प्रेषितांच्या काळी मंडळीत जी पहिली कुरकुर झाली ती विधवांच्या रोजच्या वाटणीवरून झाली, आणि तीसाठी सात माणसे नेमावी लागली (प्रे. कृ. ६:१-६). त्या काळच्या मंडळीने हे काम हलके मानिले नाही. आम्ही असे सुचवितो की, पुढच्या लग्नाच्या वेळी वधूला आशीर्वाद देण्यास मंडळीतील वयोवृद्ध विधवेला प्रथम बोलवावे. असे एकदा केले म्हणजे दहा उपदेशांचे काम होते.

६. दोन कठीण प्रश्न

नव्याने मंडळीत आलेला बंधू पुष्कळदा रात्री उशिरा, सर्व गेल्यावर विचारितो, "माझा बाप ख्रिस्ताचे नाव न घेता मेला. तो कोठे असेल?" ह्या प्रश्नाला घाईने उत्तर देणारा उपदेशक मोठी हानी करितो. न्यायाच्या किल्ल्या आपल्या कमरेला नाहीत. अब्राहामाने सदोमासाठी रदबदली केली तेव्हा सर्व जगाचा न्यायाधीश योग्य तेच करील, ह्या भरवशावर तो उभा राहिला (उत्पत्ति १८:२५). त्या बंधूला आपण इतके सांगू शकतो : "तुझ्या बापाला तुझ्याहून अधिक ओळखणारा व तुझ्याहून अधिक दयाळू असा जो आहे, त्याच्या हाती तो आहे. तू त्याच्यावर प्रीती केलीस ह्याचा देवाला राग नाही." आणि भाऊबंदांनी आपल्या रीतीप्रमाणे दहावा, तेरावा केला, तर त्या बंधूने पूजाविधीत भाग न घेताही आईजवळ बसावे, पाहुण्यांस पाणी द्यावे, डोळे पुसावे. विश्वासासाठी वेगळे होणे हे एक, आणि दुःखाच्या दिवशी आईला सोडून जाणे हे दुसरे.

दुसरा प्रश्न, ज्याने स्वतःच्या हाताने जीव दिला त्याच्या घराविषयी. अशा घराकडे लोक कमी जातात. कुजबूज मात्र पुष्कळ करितात. आम्ही स्पष्ट म्हणतो की, त्या घरी मंडळीने इतर घरांहून अधिक वेळा जावे. कर्ज, पीक बुडणे, दारू, मनाचा आजार, ह्यांचे ओझे एखाद्यावर किती झाले होते हे बाहेरच्यास कळत नाही. "तू का पाहिले नाहीस?" असे त्या बायकोला अथवा आईला कोणीही विचारू नये, ती तो प्रश्न स्वतःस दर रात्री विचारीत असते. कबरेची जागा व प्रार्थना नाकारून जिवंतांस शिक्षा करू नये.

७. दिवस मोजणारा मित्र

प्रत्येक उपदेशकाने एक लहान वही ठेवावी. तीत मृत्यूची तारीख लिहावी आणि पुढील भेटी आधीच मांडून ठेवाव्या : पहिला महिना दर आठवड्याला, मग सहा महिने दर महिन्याला, ह्याशिवाय पहिला नाताळ, पहिला पुनरुत्थानाचा सण, सुगीचा दिवस, गेलेल्या मुलाचा वाढदिवस, आणि वर्षाचा दिवस. ह्या दिवशी जखम पुन्हा ओली होते. त्या दिवशी कोणी दारात येऊन, "आज मला त्याची आठवण आली," एवढे म्हटले तरी माणूस सावरतो. पाळकाला सर्व भेटी जमणार नाहीत. म्हणून दोन बहिणी व दोन बंधू नेमून पाळ्या वाटाव्या.

काही घरांचे दुःख जुने असूनही उरकलेले नाही. सन २०२० व २०२१ च्या साथीत कित्येकांस आपल्या माणसाचे मुख पाहावयास मिळाले नाही, मातीला चार माणसे नव्हती, भजन झाले नाही. अशा घरी आजही जाऊन, त्या मनुष्याच्या नावाने एक स्मरणाची उपासना करण्यास उशीर झाला असे नाही.

बहुतेक माणसे मंडळीच्या व आप्तांच्या आधाराने हळूहळू पुन्हा उभी राहतात. विसरून उभी राहत नाहीत, ओझे उचलावयास शिकून उभी राहतात. तथापि काहींचा शोक मुळीच हलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सन २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात अशा दीर्घ शोकाला स्वतंत्र नाव दिले आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र शोक राहून रोजचा व्यवहारच बंद पडला, तर वैद्याची मदत घ्यावी असा त्याचा मथितार्थ समजावा. परंतु कोणी "मलाही आता जगावयाचे नाही," असे म्हटले, अन्नपाणी सोडिले, किंवा दारूत बुडाला, तर एक दिवसही थांबू नये. त्याला एकटे ठेवू नये. विषारी औषधे व दोर त्याच्या हातापासून दूर ठेवावे. आणि सरकारी दवाखान्यात न्यावे. सरकारच्या टेली-मानस ह्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, फी न घेता चालू असतो. तो प्रत्येक उपासनामंदिराच्या फळ्यावर लिहून ठेवावा. औषध घेणे हा प्रार्थनेचा अपमान नव्हे. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता.

८. आपल्यापूर्वी गेलेल्या दोघी

पंडिता रमाबाईंचे उदाहरण प्रत्येक बायबल स्त्रीला माहीत असावे. दुष्काळात त्यांचे आईवडील व थोरली बहीण गेली. सन १८८० त भाऊ श्रीनिवास गेला. सन १८८२ त पती बिपिनबिहारी मेधावी ह्यांस पटकीने नेले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती, आणि मनोरमा मांडीवर होती. तेव्हा रमाबाईंचे वय चोविसाच्या आत होते. त्यांनी सन १८८९ त मुंबईस शारदा सदन उघडिले, आणि पुढे केडगाव येथे दुष्काळातील अनाथ मुलींस व विधवांस आसरा दिला. सन १९२१ त मनोरमाबाईही गेल्या. त्यानंतर पुरते वर्षही न लोटता, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी देह ठेविला. मराठी पवित्र शास्त्राचे आपले भाषांतर त्यांनी शेवटपर्यंत हातचे सोडिले नाही. देवाने त्यांस दुःख दिले ते ह्या कामासाठीच दिले, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे ईयोबाच्या मित्रांसारखे होईल. इतकेच म्हणतो की, जिने रिकामे घर पाहिले होते, तिने दुसऱ्यांसाठी घराचे दार उघडे ठेविले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक सन १९१९ त मरण पावले. लक्ष्मीबाई त्यांच्यामागे सतरा वर्षे जगल्या. टिळकांचे अपुरे राहिलेले "ख्रिस्तायन" त्यांनी पुढे लिहून काढिले, आणि "स्मृतिचित्रे" लिहिली. त्या पुस्तकात टिळक पानोपानी हिंडतात, रागावतात, हसवितात. आपल्या माणसाचे नाव घेत राहणे, त्याच्या गुणांबरोबर त्याच्या खोडीही सांगणे, हा शोकावरील केवढा मोठा उपाय आहे, हे तेथे दिसते. आपल्या बहिणींस पुस्तक लिहिता येणार नाही कदाचित. परंतु ऐकणारा मिळाला तर प्रत्येक विधवेजवळ तिची स्मृतिचित्रे आहेत.

९. आशा केव्हा व कशी सांगावी

कोणी विचारील, "मग पुनरुत्थानाचा उपदेश करावयाचा नाही की काय?" अवश्य करावयाचा, तो नसेल तर आपल्या सांत्वनाला पायाच नाही. परंतु त्याचा उपयोग रडणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी करू नये. पौलाने ख्रिस्तामध्ये निजलेल्यांविषयी लिहून झाल्यावर शेवटी सांगितले की, ह्या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा. हे "एकमेकांचे" आहे. वरून खाली फेकलेले नाही. जो शेजारी बसला आहे त्याच्या तोंडून ही आशा ऐकवते.

लाजर उठला, पण पुढे कधी तरी तो पुन्हा मेलाच असेल, आणि मार्था-मरीयेला कदाचित पुन्हा रडावे लागले असेल. ख्रिस्त उठला तो पुन्हा मरणार नाही. त्याच्याबरोबर उठणारेही पुन्हा मरणार नाहीत. ही आपली आशा आहे. जोपर्यंत तो दिवस आला नाही, तोपर्यंत धोंड काढणे, भाकरी नेणे, वहीतील तारीख पाहून दार ठोठावणे, हे काम प्रभूने आपणांवर सोपविले आहे. आणि उपदेशक बंधूंनो, तुमच्याच घरी मौत झाली तर तुम्हीही मंडळीला आपले डोळे पुसू द्या. जो दुसऱ्यांजवळ बसला, त्याच्याजवळही कोणी बसले पाहिजे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. मार्था व मरीया ह्यांच्याशी प्रभू निरनिराळा का वागला? आपल्या मंडळीतून दोन उदाहरणे सांगा.
२. ईयोबाच्या मित्रांचे कोणते वागणे चांगले होते व केव्हापासून बिघडले?
३. मौतीच्या घरी आपण सवयीने बोलतो अशी तीन वाक्ये सांगा. त्यांतील कोणते सोडावे?
४. गेल्या वर्षभरात आपल्या मंडळीत कोणकोणत्या घरी मौत झाली? तेथे शेवटची भेट केव्हा झाली? पुढची कोण व कोणत्या दिवशी देईल, हे आजच ठरवा.
५. आपल्या गावातील विधवा बहिणींस कोणत्या कार्यात मागे ठेविले जाते? ते बंद करण्यास कोण आरंभ करील?

प्रार्थना

हे दयाळू बापा, तुझ्या पुत्राने मित्राच्या कबरेजवळ अश्रू गाळिले, हे स्मरून आम्ही आमचे अश्रू तुझ्यापुढे आणितो. ज्यांची घरे रिकामी झाली त्यांस धीर दे. आमची जीभ आवर, आमचे पाय त्यांच्या दाराकडे वळव, आणि आमच्या हातांस काम दाखीव. जे तुझ्या ठायी निजले आहेत त्यांची व आमची पुन्हा भेट होईपर्यंत आम्हांस एकमेकांजवळ ठेव. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.